ताटावरचं सर्वनाम

इस्लामपूरला माझ्या मेहुण्यांच्या घरी जेवायला बसलं, की ताटाच्या काठावर माझा उल्लेख सर्वनामाने केलेला आढळतो.

तो छापलेला नाही, स्टीलमध्ये कोरलेला आहे. घासून जात नाही. (वहिनींनी घासून पाहिलं आहे.)

मी कोरेगावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात सगळी नोकरी काढली. नाम कशाला म्हणतात आणि सर्वनाम कशाला, हे मी तालुक्यातल्या दोन पिढ्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध समजावून सांगितलं. अशा माणसाचं सर्वनाम करून टाकण्याचं काम माझ्या बायकोने, शालनने केलं, आणि तेही माझ्याच शिकवणीच्या जोरावर. शालन जाऊन आता वर्ष होईल. घरात शांतता फार असते, आणि मला लिहायला वेळ लागतो. पण ही हकीकत आठवली की मी एकटाच मोठ्याने हसतो आणि शेजारचे खिडकीतून डोकावतात. त्यांनी भलतंच काही समजण्यापेक्षा लिहून टाकलेलं बरं.

सुरुवात नातीपासून झाली. आमची मुलगी बंगळूरला असते. जावई कानडी. त्या दोघांच्या तडजोडीतून नात इंग्रजी बोलते. व्हिडिओ कॉलवर ती भराभरा काहीतरी सांगायची आणि शालन प्रत्येक वाक्यानंतर "व्हय गं बाळा" म्हणायची. एकदा नातीने विचारलेल्या प्रश्नालाही "व्हय गं बाळा" म्हणून झालं, आणि पुढच्या आठवड्यात मुलीने कुत्र्याचं पिल्लू आणलं. आजीची परवानगी होती म्हणे! त्या दिवशी शालनने फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाली, "आवं, मला इंग्रजी शिकवा."

दुसरा कुणी असता तर त्याने 'हाऊ आर यू'पासून सुरुवात केली असती. मी माळ्यावरचा फळा खाली काढला, स्वयंपाकघरात गॅसच्या बाजूला टेकवला आणि सर्वनामांपासून सुरुवात केली. घसा साफ करून सांगितलं, की सर्वनाम म्हणजे नामाऐवजी येणारा शब्द. तेच ते नाव पुन्हा पुन्हा घ्यावं लागू नये, म्हणून तो वापरायचा.

शालन मेथी निवडत होती. तिने वर पाहिलं. "एवढंच? मग मी लगीन झाल्यापासनं दुसरं काय करतीया?"

हे खरं होतं. शालन माझं नाव घ्यायची नाही. समोर असलो की 'आवं', समोर नसलो की 'हे', आणि बाहेरच्यांशी बोलताना 'आमच्यात'. "आमच्यात कारलं चालत न्हाई," म्हणजे मला चालत नाही. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईने तिला सांगितलं होतं. (त्या हिशेबाने मी अजून बराच काळ राहणार असं दिसतं.) आमची मुलगी जावयाला नावाने हाक मारून कचरा टाकायला पाठवते. शालनची त्याला हरकत नव्हती, पण स्वतःपुरता नियम कडक. नाव बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही. कुठल्याही अर्जावर तेवढी जागा ती मोकळी सोडायची आणि कागद माझ्यापुढे सरकवायची. "तोंडानं काय अन् हातानं काय, नाव ते नावच," हे त्यावरचं तिचं स्पष्टीकरण.

तर पुरुषवाचक सर्वनामं. 'आय' म्हणजे मी, 'वी' म्हणजे आपण, इथपर्यंत ठीक चाललं. 'यू'पाशी ती थांबली. सासऱ्यालाही 'यू' आणि मांजरालाही 'यू', हे तिला पटेना. मग मी 'ही'वर आलो. उदाहरण द्यायला स्वयंपाकघरात पुरुष एकच होता. त्यामुळे फळ्यावर मी लिहिलं: ही इज अ टीचर. ही इज टॉल. ही इज लुकिंग फॉर हिज स्पेक्टॅकल्स. (चष्मा त्या वेळी खरोखरच सापडत नव्हता.)

शालनने तिन्ही वाक्यं बोट फिरवत वाचली आणि निष्कर्ष काढला, "ही म्हंजे तुमी."

मी म्हणालो, "बरोबर."

माझ्या अध्यापनातली सगळ्यात मोठी चूक ती. 'ही' म्हणजे जगातला कुठलाही पुरुष, हे सांगायचं राहून गेलं. फळ्यावर जागा उरली नव्हती.

त्यानंतर शिकवणी झपाट्याने पुढे गेली. 'इट' म्हणजे मिक्सर. 'माइन' आणि 'युवर्स' शिकवलं, तेव्हा "चष्मा युवर्स, हुडकायचं काम माइन," असं वाक्य तिने स्वतःहून केलं. आत्मवाचक सर्वनामात 'मायसेल्फ' आलं. त्याचा अर्थ सांगताच ती म्हणाली, "म्हंजे माझं मी करती," आणि हे वाक्य त्या घरात इतक्या वेळा बोललं गेलं होतं, की आणखी समजावण्यासारखं काही उरलंच नाही. दर्शक सर्वनामं वांग्यांवर झाली, हे वांगं 'धिस', टोपलीतलं 'दॅट'. प्रश्नार्थक 'हू' तिने त्याच संध्याकाळी कामाला लावला आणि फ्रिजमधल्या बर्फीचा तपास सुरू केला. अनिश्चित सर्वनाम शिकवलं त्या दिवशी ती सहज म्हणाली, की समबडीनं जाऊन दळण आणलं पाहिजे. मी पिशवी उचलली.

'दे'पाशी मात्र गाडी अडली. "दे म्हणजे ते लोक," मी सांगितलं. तिने विचारलं, "इस्लामपूरचं?" आणि मेथी निवडायची थांबली.

इस्लामपूर हे तिचं माहेर. तिथे तिचा थोरला भाऊ, दादा, म्हणजे सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. काही वर्षांपूर्वी दादांच्या मुलीचं लग्न झालं. आमच्या भागात लग्नात माइकवरून नावं पुकारतात आणि एकेकाला पुढे बोलावून फेटा बांधतात. त्या दिवशी मामांना फेटा झाला, चुलत्यांना झाला, सोसायटीच्या चेअरमनना झाला, मांडववाल्याला झाला. घोडा आणणाऱ्या माणसालासुद्धा झाला. नवरीच्या आतोबाचं, म्हणजे माझं नाव काही आलं नाही. मला फार वाटलं असं नाही. मी खुर्चीत पुस्तक घेऊन बसलो होतो आणि माझं वाचन चालू होतं. पण शालन पंगतीला न बसता उठली आणि आम्ही एसटीने परत आलो. त्यानंतर तिने माहेरचा उंबरा ओलांडला नाही. भाऊबीजेला दादाच कोरेगावला यायचे. ती ओवाळायची, चहा द्यायची, आणि मुक्कामाला चल म्हटलं की कपबशा उचलायला लागायची.

म्हणून तिने स्वतः रचलेलं पहिलं मोठं इंग्रजी वाक्य असं होतं: "दे नॉट कॉल ही."

मी मास्तरच. मी म्हणालो, "इथे 'हिम' येईल."

"हा हिम कोण आता?"

"मीच."

"एका माणसाला दोन-दोन शब्द कशाला? ही बरं हाय," ती म्हणाली आणि 'हिम' तिने जुड्या बांधायच्या दोऱ्याबरोबर बाजूला टाकून दिला.

पुढचा धडा संबंधी सर्वनामांचा होता. तो झालाच नाही, कारण त्या दिवशी संबंधीच दारात उभे राहिले. दादांनी इस्लामपूरला नवीन बंगला बांधला होता आणि वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला ते स्वतः आले होते. चहा झाला. उठताना ते बहिणीला म्हणाले, "शालन, घर नवं हाय. जुनं काय मनात ठेवून येऊ नगंस. दाजी, तुमी पन."

मोटार गल्लीच्या बाहेर पडेपर्यंत शालन दारात उभी राहिली. मग आत येऊन तिने जाहीर केलं, की आपण जायचं, भावाला जेवणाची ताटं द्यायची, आणि ताटांवर नाव घालायचं. माझं. माइकवर घेतलेलं नाव वाऱ्यावर जातं, तिने मला समजावलं. स्टीलवर घातलेलं जात नाही. त्या घरात रोज दोन वेळा जेवताना ते नाव वाचलं गेलं पाहिजे, अशी तिची योजना होती. एवढ्या शांतपणे सूड घेणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

ताटं आणायच्या दिवशी मला साताऱ्याला कुठल्याशा परीक्षेचे पेपर तपासायला जायचं होतं. तिथे फोन बंद करून बाहेर ठेवावा लागतो. त्यामुळे शालन एकटीच बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात गेली. पुढचं सगळं मला नंतर तिच्याकडून कळलं.

ताटं निवडून झाली. दुकानातला नाव घालणारा कारागीर मशीन घेऊन बसला आणि त्याने विचारलं, की नाव काय घालायचं.

"मालकांचं."

"मालकांचं नाव काय, मावशी?"

शालनने आजूबाजूला पाहिलं. "मास्तर हायत."

"मास्तर लय हायत."

"हायस्कुलात होतं. उंच हायत. चष्मा हाय."

"मावशी, फोटू काढायचा न्हाई. नाव घालायचंय."

तिने मला फोन लावून पाहिला. बंद. कारागिराने सुचवलं, की लिहून द्या. तेही चालणार नव्हतं. दुकानात कुकर बदलायला आलेल्या दोन बायका आता या प्रकरणात ओढल्या गेल्या. त्यांनी सांगितलं, उखाण्यात घ्या, उखाण्यात चालतं. हेही तिला पटलं नाही. "दुकानात उखाणा? माझं काय लगीन लागतंय का हितं?" उखाणा मंगल कार्यात घ्यायचा असतो, झारे-कालथे टांगलेत तिथे नाही, हा त्याचा अर्थ.

कारागीर मशीन हातात धरून ताटकळला. दुकानदार उठून आला. आणि त्या गर्दीत, तिच्याच शब्दांत सांगायचं तर, तिला माझी शिकवणी आठवली. नाव घ्यावं लागू नये म्हणूनच तर इंग्रजांनी शब्द करून ठेवला होता.

"लिव्ह इंग्रजीत," ती म्हणाली. "एच. ई."

"फुडं?"

"फुडं काय न्हाई. एवढंच."

"लय ल्हान नाव हाय की."

"नाव ल्हान हाय. माणूस उंच हाय."

बायकोचं नाव काय घालायचं, हे विचारल्यावर तिने आपलं नाव खणखणीत सांगितलं. मशीन कर्र कर्र वाजलं.

दुसऱ्या दिवशी एसटीत, मांडीवर खोकं घेऊन बसलेल्या शालनला मी विचारलं, नाव नीट घातलंय ना? "घातलंय की. मोठ्या अक्षरात," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "इंग्रजीत." माझी छाती फुगली. मला वाटलं, शिकवणीचं चीज झालं. (झालं होतंच.) इस्लामपूर येईपर्यंत मी खिडकीतून ऊस बघत बसलो होतो आणि मनातल्या मनात माझं नाव इंग्रजी अक्षरांत कसं दिसत असेल ते बघत होतो.

दादांच्या बंगल्यापुढे मांडव होता, आणि मांडव म्हटला की माइक आलाच. गवंड्याचा सत्कार झाला. प्लंबरचा झाला. फेटेवाला घामाघूम झाला होता. मग आहेर पुकारायला सुरुवात झाली. माइकवाला तरुण हुशार होता. कुणाचा आहेर आहे हे विचारत बसण्यापेक्षा वस्तूवरचं नाव वाचायची त्याची पद्धत होती. आमचं खोकं पुढे गेलं. शालन पदर सावरून ताठ बसली. तिने आधी दादांकडे पाहिलं, मग वहिनींकडे, मग जमलेल्या सगळ्या पाहुण्यांकडे. ज्यांच्यासमोर नाव राहिलं होतं, ते बहुतेक सगळे हजर होते.

माइकवाल्याने ताट बाहेर काढलं, उन्हात धरलं, आणि वाचलं, "फ्रॉम ही अँड शालन."

स्पीकर जरा खरखरला. त्याने ताट फिरवलं, उलटं केलं, मागे काही आहे का पाहिलं. मग कर्तव्य म्हणून पुन्हा वाचलं, "शालनताई आणि ही, यांच्याकडून जेवणाची ताटं. ही कोण हायत, त्यांनी पुढं यावं."

कुणीच पुढे आलं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हातारीने शेजारणीला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, की शालनच्या घरात आणखी ही कोण आलीया?

अशा प्रसंगी शहाणा माणूस उठतो आणि काहीतरी सारवासारव करतो. मी उठलो. सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "'फ्रॉम'च्या पुढे 'हिम' पाहिजे."

"काय पायजे?" दादांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो आणि बसलो.

दादांचा चेहरा लाल झाला होता. त्यांची समजूत अशी झाली, की मागच्या अपमानाची परतफेड म्हणून आम्ही मुद्दाम नाव गाळून आलो आहोत. ते बहिणीपुढे येऊन उभे राहिले. दाजींचं नाव का घातलं नाहीस, असं त्यांनी तिला सरळ विचारलं.

"घातलंय की," शालन म्हणाली. "ते काय समोर."

"हे नाव हाय व्हय?"

"मग काय हाय? आवं, सांगा की ह्यांना," ती माझ्याकडे वळली. "तुमीच शिकवलंय न्हवं?"

सुभेदारांची नजर माझ्याकडे वळली. सर्वनामांचे प्रकार त्या क्षणी समजावून सांगावेत असं मला वाटेना. माइकवाल्याला मात्र धंद्याची जाण होती. त्याने माइक शालनपुढे धरला आणि म्हणाला, "ताई, ताटावरचं ऱ्हाऊ द्या. तोंडानं सांगा." बायकांनी ते उचलून धरलं. नाव घ्या, नाव घ्या, असा गलका झाला. वहिनीसुद्धा त्यात होत्या. आता मंगल कार्य होतं, कलश पुजलेला होता, दारात तोरण होतं. शालनला पळायला जागा उरली नाही.

तिने माइक हातात घेतला. पदर डोक्यावर ओढला. आणि भावाच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली:

"इंग्रजीचे मास्तर आमचे, व्याकरणात पक्के,
मुकुंदरावांचं नाव घेते, बसू द्यात धक्के."

स्पीकर चारी बाजूंना लावलेले होते. माझं नाव मांडवातून, रस्त्यावरून, पलीकडच्या पिठाच्या गिरणीवरून जाऊन परत आलं. लग्नात एकदा तिने ते घेतलं होतं, पण तेव्हा बँड वाजत होता आणि मला ऐकू आलं नव्हतं. त्यामुळे माझ्या दृष्टीने ते पहिल्यांदाच घेतलेलं होतं. मी चष्मा पुसायला काढला आणि बराच वेळ पुसला.

हशा आणि टाळ्या थांबल्या, तरी दादा तिथेच उभे होते. "मुकुंदराव," ते हळूच म्हणाले, नवी चप्पल पायात घालून बघावी तसं. मग एकदम खाली, बहिणीच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"शालन, पोरीच्या लग्नात माइकवाल्यानं मला इचारलं हुतं, दाजींचं नाव काय. मी नुसता हुबा ऱ्हायलो. मला येईना."

शालनने हातातला माइक माइकवाल्याकडे परत दिला.

"कुनी कवा घेतलंय का ते? आई जावई म्हनायची. आबा मास्तर म्हनायचं. मी दाजी म्हनतो. तू हे म्हनतीस. पलटनीतल्या जवानांची नावं नंबरासकट पाठ हायत मला. आन् घरच्या मानसाचं येईना. एवढ्या वर्सांनी इचारायचं तरी कसं?"

"मला इचारायचं," शालन म्हणाली.

"तू सांगितलं असतंस?"

शालनने प्रामाणिकपणे विचार केला. "न्हाई," ती म्हणाली, आणि आधी तिला हसू फुटलं, मग दादांना. त्या दोघांना एकमेकांच्या खांद्यावर हात मारून हसताना बघून माइकवाल्याने स्वतःच्या जबाबदारीवर सनईची कॅसेट लावली. (कॅसेट नव्हती, फोनच होता, पण सनई ऐकली की मला कॅसेटच आठवते.)

मग दादांनी फेटेवाल्याला बाजूला सारलं आणि माझ्या डोक्याला स्वतः फेटा बांधला. सैन्यातली गाठ होती, कान आत गेले. माइकवर माझं नाव पुकारलं गेलं, पुन्हा पुकारलं गेलं, आणि नंतर कारण नसताना अधूनमधून पुकारलं जात राहिलं. "मुकुंदराव, आपली गाडी रस्त्यातून बाजूला घ्यावी," असंही एकदा झालं. मला गाडी नाही.

शालनने त्या रात्री माहेरी मुक्काम करायचं कबूल केलं. ताटं परत नेऊन नाव बदलून आणू का, असं दादांनी तिला विचारलं, तर तिने साफ नकार दिला. चांगलं घातलेलं नाव खोडायचं कशाला, हे तिचं म्हणणं.

पंगत बसली. मला मानाच्या जागी बसवलं होतं, त्याच ताटावर. फेटा डोक्यावर होता, नाव हवेत होतं, आणि अशा वेळी माझ्यातला मास्तर गप्प बसत नाही. मी शेजारी बसलेल्या दादांना समजावू लागलो, की दोष तुमचा नाही, पद्धतीचा आहे. माणसाला नातं चिकटवलं की आपण त्याचं नाव विसरतो. 'दाजी' काय, 'मास्तर' काय, 'हे' काय! माणसाने माणसाचं नाव लक्षात ठेवलं पाहिजे. शिकलेल्यांनी तरी ठेवलंच पाहिजे. दादा मान डोलवत होते. मी आवाज आणखी थोडा वाढवला.

वहिनी दुसऱ्यांदा आमटी वाढत माझ्यापर्यंत आल्या होत्या. त्या थांबल्या. पळी हवेत.

"व्हय दाजी, खरं हाय," त्या म्हणाल्या. "मग माझं नाव सांगा बघू."

या बाईंच्या हातचं मी तीसेक वर्षं जेवत होतो. मी नातेवाईक आठवले, लग्नं आठवली, बारशी आठवली. सगळीकडे त्या वहिनी होत्या. मी पंगतीपलीकडे शालनकडे पाहिलं. निदान ओठ तरी हलवील, एवढीच अपेक्षा होती.

शालनने पदर तोंडाला लावला. "इंग्रजीत सांगा की," ती म्हणाली.

मी मान खाली घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेल्या मानाच्या फेट्याचा शेमला आमटीत बुडाला.